इंजिन उघडं असताना

ती मोटर आमच्या घरी आली ती ढकलत. पुढे स्टिअरिंगवर माझे थोरले बंधू बसले होते, मागे चार हमाल होते, आणि मी बाजूने चालत नई सडकेवरच्या टांगेवाल्यांकडे हात करून वाट मागत होतो. टायरांत हवा नव्हती, म्हणून चाकांना पोत्यांचे तुकडे बांधले होते. दुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते. एकाने विचारलं, "भाईसाब, बारात किधर जा रही है?" मी हसलो. दादा हसले नाहीत. रस्त्यात कुठे खड्डा आहे, कुठे नाली आहे, यावर त्यांची नजर होती. त्या पावणेदोन फर्लांगांत त्यांनी गाडीला एकही धक्का बसू दिला नाही.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. आमचं घराणं शिपाईगिरीचं. दक्खनेतून कुणी पूर्वज घोड्यावरून इकडे ग्वाल्हेरला आला, आणि तेव्हापासून घरातल्या मुलांनी दरबारच्या फौजेत नाव घालायचं, हे ठरूनच गेलेलं. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो आणि दादा नुकतेच फौजेत लागले होते. त्यांनी मला तिकडे येऊ दिलं नाही. एकाने तरी कलम धरावं, असं ते म्हणत. मला शाळेत, मग कॉलेजात त्यांनी घातलं, आणि मी बी.ए. होऊन सचिवालयात कारकून झालो तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. माझ्यासाठी त्यांनी काय काय केलं याची यादी मी कधी केली नाही. करायला हवी होती, असं आता वाटतं.

पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य झालं, आणि दरबारची फौज देशाच्या फौजेत मिसळून गेली. तरुण होते त्यांना तिकडे घेतलं. उरलेल्यांना एक दाखला आणि घरापर्यंतचा रेल्वेचा पास मिळाला. दादा फौजेच्या मोटर विभागात जमादार होते. लॉऱ्यांची इंजिनं उघडणं आणि जोडणं यातच त्यांची उमर गेली होती. ते घरी आले तेव्हा सदतीस वर्षांचे होते. सकाळी पाचला उठत, दाढी करत, बूट पॉलिश करत, आणि मग ओट्यावर येऊन बसत. दुपारी जेवायला आत येत आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसत. संध्याकाळी बूट काढून ठेवत. असं दीड वर्ष चाललं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही तिघंच, दादा, वहिनी आणि मी. वहिनी त्यांच्यासमोर काही बोलत नसत, पण मी दप्तरात, म्हणजे सचिवालयात, निघालो की दारापर्यंत येत आणि हळू आवाजात म्हणत, "भाऊजी, तुमच्या दप्तरात काही काम निघालं तर बघा हं. हे स्वतः कुणाला विचारणार नाहीत." मी म्हणे, बघतो. मी आवक-जावक विभागात होतो. सगळ्या खात्यांचे कागद माझ्या टेबलावरून जात. काही निघालं तर ते पहिल्यांदा मलाच दिसणार होतं.

मोटर मिळाली ती खासगी बाजार मोहल्ल्यातल्या एका सरदार घराण्यातून. जहागिरी गेल्या होत्या, घरातले पुरुष वारले होते किंवा दूर गेले होते, आणि एक वयस्क बाई तेवढ्या मागे राहिल्या होत्या. कुठल्याशा कागदावर त्यांची सही घ्यायला मला पाठवलं होतं. सही करून झाल्यावर त्यांनी विचारलं की तुमचे बंधू फौजेच्या मोटरखात्यात होते ना. मी हो म्हणालो. त्या मला मागच्या पत्र्याच्या छपरीत घेऊन गेल्या. तिथे इंग्लिश बनावटीची, उघड्या टपाची, वीस-बावीस वर्षांची मोटर उभी होती. धूळ इतकी की रंग कळेना. मागच्या सीटच्या कापसात उंदरांनी घर केलं होतं.

"घेऊन जा," बाई म्हणाल्या. "ह्या जागेत भाडेकरू ठेवायचाय मला. हिला कुणी उचलून नेलं तर बरंच होईल."

दादांना काहीतरी उद्योग मिळावा म्हणून ही मोटर आणली, असं मी पुढे लोकांना सांगत असे. वहिनींनाही तेच सांगितलं. खरं असं की मला मोटर हवी होती. आमच्या दप्तरात सगळे सायकलवाले. हेड क्लार्कसुद्धा सायकलवर येत. मोटरीत बसून दप्तराच्या फाटकातून आत शिरायचं, हे मी छपरीत उभा असतानाच डोळ्यांपुढे आणलं होतं.

घरामागे एक पडवी होती, तिथे मोटर उभी केली. दादांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि परत पडवीत गेले. बॉनेट उघडून बराच वेळ वाकून बघत राहिले. मग मला म्हणाले, "पेचकस आहे का घरात? हे स्क्रू काढायचेत."

कित्येक महिन्यांत त्यांनी मागितलेली ती पहिली वस्तू होती.

इंजिन जाम झालं होतं. पुढून हँडल घालून मी सगळ्या ताकदीने फिरवायला गेलो, तर दादांनी माझा हात धरला. "जबरदस्ती केलीस तर तुटून जाईल. लोखंडाला वेळ देऊन दे." त्यांनी प्लग काढले आणि चारही सिलिंडरांत घासलेट आणि तेल मिसळून ओतलं. रोज सकाळी थोडं आणखी ओतायचं, हँडलवर हात ठेवायचा, हलकेच दाबून बघायचं आणि सोडून द्यायचं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी हँडल बोटभर सरकलं. दादांनी वहिनींना हाक मारली. त्या पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. दादांनी पुन्हा बोटभर सरकवून दाखवलं.

"एवढंच?" वहिनींनी विचारलं आणि त्या हसल्या. दादाही हसले.

त्या हिवाळ्यात मी दप्तरातून सुटलो की थेट पडवीत जाई. दादांनी मला पाने कसे धरायचे ते शिकवलं, रेगमालाच्या खरखरीत कागदाने गंज कसा काढायचा ते शिकवलं. मडगार्ड मी घासले. कंदील राखेने आणि चिंचेने मी चमकवले. दिसणारं काम मला आवडे. दादांचं काम सगळं आत होतं, न दिसणारं. एकेक वॉल्व्ह ते तास तास बसून हाताने घासत, मग पुसून उजेडाकडे धरत, आणि पुन्हा घासत. मी कंटाळून विचारलं की आता पुरे नाही का झालं, तर ते म्हणाले की तुला नाही कळणार, पण तिला कळेल.

त्या काळी आमची राजधानी वर्षातून दोनदा गाव बदलत असे. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळा लागला की इंदूर. फायली पेट्यांत भरायच्या, पेट्या स्टेशनवर चढवायच्या, आणि त्यांच्यामागे आम्ही कारकून. त्या वर्षी मला इंदूरला जाणं जिवावर आलं. तिथून मी दादांना पत्र लिही, आणि ते कार्डावर दोन ओळींत उत्तर देत. त्या ओळी बहुतेक इंजिनाबद्दल असत. बेअरिंगं झिजली आहेत. पडाव मोहल्ल्यातल्या एका कारागिराकडून नवा धातू ओतून घेतला. गॅस्केट झांशीला मिळालं. वहिनींची खुशाली शेवटी, जागा उरली तर.

पाऊस संपल्यावर आम्ही परत आलो. मी पेटी ओट्यावर टाकून पडवीत गेलो तर इंजिन सगळं उघडलेलं. जमिनीवर जुनी सतरंजी पसरून तिच्यावर एकेक भाग मांडून ठेवला होता. पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह, स्प्रिंगा, नटबोल्ट. शंभराच्या वर तुकडे असतील. कशावरही चिठ्ठी नाही, खूण नाही. मी विचारलं, दादा, हे लक्षात कसं राहतं? ते म्हणाले, "आहे की डोक्यात." वहिनी सतरंजीच्या कडेकडेने चालत. त्यांनी कुणालाही तिथे पाय ठेवू दिला नव्हता.

त्यानंतर आठवड्याभरात तो कागद आला.

मला तो अजून जसाच्या तसा दिसतो. इंदूरच्या सरकारी मोटर वर्कशॉपात जागा भरायच्या होत्या. विलीन झालेल्या संस्थानांच्या फौजांतून सुटलेल्या, मोटरीचं काम जाणणाऱ्या माणसांना पहिला हक्क. वयाची अट चाळीस. राहायला सरकारी घर. दसऱ्यानंतरच्या शनिवारपर्यंत अर्ज पोचले पाहिजेत. खाली सूचना, की हा कागद प्रत्येक दप्तरात बोर्डावर लावावा. आमच्या दप्तरात बोर्डावर कागद लावण्याचं काम माझं होतं.

दादा तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते.

कागद वाचून पहिल्यांदा मला आनंदच झाला. हे लिहिताना मी स्वतःला वाचवायला बघत नाही, पण तेवढं खरं आहे. मी उठलोसुद्धा. वाटलं, घरी जावं आणि वहिनींना सांगावं. मग लगेच सतरंजी आठवली. दादा इंदूरला गेले तर ते शंभर तुकडे कोण जोडणार? अर्ज केला की बोलावणं येईल, बोलावणं आलं की ते दोघंही जातील, आणि मोटर तशीच पडून राहील. मी खाली बसलो. म्हटलं, तीन आठवडे आहेत. इंजिन एकदा आत बसू दे, मग सांगू. आणि कागद माझ्या टेबलाच्या खणात, इतर कागदांच्या खाली ठेवून दिला. बोर्डावर लावला असता तर कुणाकडून तरी दादांच्या कानावर गेलंच असतं. म्हणून तो मी बोर्डावरही लावला नाही. गावात दादांसारखे आणखी किती जण असतील, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आलाच नाही. तो पुष्कळ वर्षांनी आला.

पहिला आठवडा मी रोज स्वतःला सांगत होतो की उद्या सांगतो. दुसऱ्या आठवड्यात दादा सकाळपासून पडवीत असत. पिस्टन बसले. मीही संध्याकाळी त्यांच्या हाताखाली उभा राही. त्यांनी हात पुढे केला की कुठला पाना हवा ते मला न सांगता कळू लागलं होतं. एवढे जवळ आम्ही कधीच नव्हतो. लहानपणी ते फौजेत, मी शाळेत. आता ते काम करता करता बोलत, फौजेतल्या गोष्टी सांगत, वडिलांच्या सांगत. मी ऐके आणि मनात म्हणे, अजून दहा दिवस आहेत. मग म्हणे, अजून पाच आहेत.

शेवटच्या शनिवारी दप्तर अर्ध्या दिवसाचं होतं. कागद खणात होता. त्या दिवशी अर्ज हातोहात नेऊन दिला असता तरी चाललं असतं, तशी सोय ग्वाल्हेरात होती. मी घरी आलो. दादा म्हणाले, बरं झालं लवकर आलास, आज लावून बघू. दुपारी रेडिएटर बसवला, पाणी भरलं, पेट्रोल घातलं. हँडल मला मारायला सांगितलं. पहिल्या चार-पाच वेळी काहीच झालं नाही. सहाव्यांदा इंजिनाने एक मोठा खाकरा काढला, काळा धूर सोडला, आणि चालू झालं. मग त्याचा आवाज हळूहळू एकसारखा होत गेला. दादांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

मला तेव्हा वाटलं की मी केलं ते ठीकच केलं.

दिवाळीत आम्ही मोटर बाहेर काढली. गडद हिरवा रंग दिला होता. दादा चालवायला, मी शेजारी, वहिनी मागे एकट्या, पदर डोक्यावर घट्ट धरून. बाड्याच्या चौकातून फुलबागेकडे गेलो. बाड्यावर एक म्हातारा पोलीस होता, त्याने गाडी ओळखली असावी. त्याने पूर्वीच्या सवयीने सलाम ठोकला. दादांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. मीही मोठ्या माणसासारखी मान हलवली.

दादांनी मला चालवायला शिकवलं, पण गर्दीत मला धीर होत नसे, म्हणून दप्तरात जाताना तेच मला सोडत. एक दिवस फाटकाशी आमचे साहेब उभे होते. त्यांनी मोटरीला चक्कर मारून सगळीकडून पाहिली आणि विचारलं, ही तुम्ही स्वतः घरी दुरुस्त केलीत म्हणे? मी म्हणालो, हो साहेब, वर्ष लागलं. साहेबांनी स्टिअरिंगवर बसलेल्या दादांकडे पाहिलं. त्यांच्या अंगावर फौजेचा जुना खाकी सदरा होता.

"ड्राइवर भी अच्छा मिल गया आपको," साहेब म्हणाले.

मी हसलो. हे माझे थोरले बंधू आहेत, आणि मोटर त्यांनी केली आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही. साहेब गेले. दादा खाली उतरले, माझ्या बाजूचं दार उघडं राहिलं होतं ते त्यांनी लावून घेतलं आणि गाडी वळवून घरी गेले. संध्याकाळी मला न्यायला वेळेवर आले.

संक्रांतीच्या सुमारास दादांच्या पलटणीतला एक माणूस भेटायला आला. दादांच्या हाताखाली शिकलेला. तो इंदूरहून रजेवर आला होता. वहिनींनी त्याला तिळगूळ दिला, चहा दिला. मीही तिथेच होतो. तो मोटर बघून फार खूश झाला आणि बोलता बोलता म्हणाला की तो आता इंदूरच्या सरकारी वर्कशॉपात आहे. फौजेतून सुटलेल्यांसाठीच जागा होत्या. इथल्याच मुरार भागातल्या दप्तरात बोर्डावर कागद लागला होता, तो त्याच्या मेहुण्याने वाचला. मग दादांकडे वळून तो म्हणाला, "जमादारसाहेब, तुम्ही अर्ज का नाही केला? आम्ही तिथे रोज तुमची याद काढतो. तुम्ही असता तर फोरमन झाला असता."

दादा म्हणाले की मला माहीत नव्हतं. नंतर त्यांनी त्याला त्याच्या मुलांबद्दल विचारलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी चहाच्या कपात बघत होतो.

तो गेल्यावर दादा ओट्यावरून आत आले आणि माझ्यासमोर बसले.

"तुझ्या दप्तरात आला होता का कागद?"

खोटं बोलता आलं असतं. कागद कधी कधी पोचतही नसत. पण त्यांच्यासमोर ते जमलं नाही. मी हो म्हणालो.

"शेवटची तारीख कोणती होती?"

"दसऱ्यानंतरचा शनिवार."

मला वाटलं आता ते ओरडतील, आणि ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"त्या दिवशी आपण इंजिन चालू केलं," ते म्हणाले.

मग उठून त्यांनी कोट घातला आणि बाहेर गेले. दोन तासांनी परत आले तेव्हा पडावला जाऊन आले होते. तिथे ट्रकांची गॅरेजं होती, त्यातल्या एका मालकाकडे त्यांनी काम मागितलं होतं. ज्या माणसाने जन्मात कुणापुढे शब्द टाकला नव्हता, त्याने त्या दिवशी टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिश केलेले बूट घरी ठेवून, चपला घालून ते कामाला गेले.

घरात भांडण झालं नाही. जेवायला मी पूर्वीसारखाच दादांच्या शेजारी बसे, वहिनी पूर्वीसारख्याच वाढत. पण वहिनींनी त्यानंतर मला कधी कुठलं काम सांगितलं नाही. आधी त्या सांगत, भाऊजी, येताना भाजी घेऊन या, भाऊजी, हे पत्र टाकून द्या. आता भाजी त्या स्वतः आणत. पत्र पेटीत टाकायला स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत जात. मी एकदा त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला गेलो, तर राहू द्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात.

मोटर पडवीत होती. रविवारी दादा तिला पुसत, पाणी बघत, दहा मिनिटं इंजिन चालवून ठेवत. मी बोलावलं तर येत, मला हवं तिथे नेत. स्वतःहून ते तिच्यात कधी बसले नाहीत.

आणखी दोनेक वर्षं अशी गेली, आणि राज्यांची पुनर्रचना आली. मध्यभारत संपला, मोठं नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला ठरली. आमचं दप्तर या वेळी गेलं ते परत न येण्यासाठी. ग्वाल्हेरात फार नाराजी होती. बाड्यावर लोक घोळके करून बोलत. मला मात्र, हे सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं वाटत होतं. रोज सकाळी दादा चपला घालून पडावला निघत, तेव्हा मला अंथरुणात पडून झोपेचं सोंग करावं लागे. भोपाळला ते करावं लागणार नव्हतं.

निघायच्या आधी मी दादांना म्हणालो की मोटर तुम्ही ठेवा. ती तुमचीच आहे.

"तुझ्या नावावर आहे," ते म्हणाले. "आणि ठेवून मी काय करू? दिवसभर मोटरीच बघतो."

भोपाळला मला एक खोली मिळणार होती. तिथे मोटर ठेवायला जागा नव्हती. झांशीचा एक गृहस्थ जुन्या गाड्या लग्नांसाठी भाड्याने देत असे, तो घ्यायला तयार झाला. तो न्यायला आला त्या दिवशी रविवार होता. दादांनी दोन तास लावून त्याला सगळं समजावून सांगितलं. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये झटका देते, तिथे क्लच हळू सोडा. थंडीत पहिल्यांदा हँडलने दोन कोरे फेरे द्या, मगच स्विच लावा. डाव्या कंदिलाची तार जरा ओढलेली आहे, गाडी धुताना सांभाळा. तो माणूस घाईत होता, हां हां म्हणत होता. दादांनी त्याच्याकडून सगळं एकदा म्हणवून घेतलं. मग गाडी गल्लीतून बाहेर गेली. तिचा आवाज नई सडकेच्या गोंगाटात मिसळेपर्यंत दादा ओट्यावर उभे होते. मी त्यांच्या मागे उभा होतो. मला काहीतरी बोलायचं होतं, पण ते बोलण्याची वेळ फार आधीच येऊन गेली होती.

भोपाळला गेल्यावर मी हातपाय मारले. तिथेही सरकारी वर्कशॉप निघालं. मी एका साहेबाकडून दुसऱ्याकडे गेलो, दादांच्या दाखल्याच्या नकला केल्या, शिफारशी मिळवल्या. सगळं जमत आलं आणि एका कारकुनाने वयाचा रकाना पाहिला. माझ्यासारखाच कारकून होता. चांगल्या शब्दांत म्हणाला, चाळीसच्या वर घेता येत नाही, पहिल्या खेपेला यायला हवं होतं. मी दादांना लिहिलं की प्रयत्न केला पण जमलं नाही. त्यांचं कार्ड आलं. इथे सर्व कुशल आहे, तू दगदग करू नकोस, थंडी फार आहे, गरम कपडे घालत जा.

माझी पुढे बढती होत गेली. कागद वेळच्या वेळी बोर्डावर लावण्याबद्दल माझी ख्याती होती. आलेला कागद मी जेवायच्या सुट्टीपर्यंतही ठेवत नसे. हाताखालचे लोक मागे हसत, पुढे स्तुती करत. निरोपाच्या समारंभात एकाने त्याबद्दल भाषणही केलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

दादा पडावच्या गॅरेजात चौदा वर्षं राहिले. एकदा जॅक सरकून उजव्या हाताची दोन बोटं गेली, तरी राहिले. तिथले ट्रकवाले त्यांना उस्ताद म्हणत, हे मला ते गेल्यावर कळलं. एका सकाळी कामावर असताना त्यांच्या छातीत दुखायला लागलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तार मिळून मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अग्नी गॅरेजच्या मालकाने दिला होता. मी त्याचे आभार मानले. तो म्हणाला, आभार कसले, त्यांनी आपल्याला मुलासारखं शिकवलं.

मी वहिनींना भोपाळला घेऊन आलो. त्या आल्या, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. माझ्या घरात त्या अकरा वर्षं राहिल्या, माझ्या मुलांना त्यांनी जीव लावला, माझ्या बायकोशी त्यांचं चांगलं जमलं. माझ्याशीही वागण्यात काही कमी नव्हतं. शेवटच्या आजारपणात, एका दुपारी घरात दुसरं कुणी नसताना, मी त्यांच्या उशाशी बसून ते विचारलं. इतकी वर्षं विचारायचं धाडस झालं नव्हतं. म्हणालो, वहिनी, त्या कागदाचं दादा कधी काही बोलले का? त्यांनी मला माफ केलं होतं का?

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"त्यांनी मला सांगितलं होतं, त्याला काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी बोलले नाही."

"आणि तुम्ही?"

"मला इंदूरला घर मिळणार होतं," वहिनी म्हणाल्या. "सरकारी. घरात नळ असलेलं. तो इंदूरचा माणूस सांगत होता ना त्या दिवशी, बाहेर जाताना ओट्यावर. मी ऐकलं होतं."

मग त्यांनी पाणी मागितलं. कित्येक वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं ते पहिलं काम. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, पेला भरला, आणि परत आलो. त्यांना मान उचलून दोन घोट पाजले. त्यांनी डोळे मिटले आणि हाताने खूण केली की आता पुरे, जा.